हिवाळ्यात ठेवलेल्या रेस कारच्या इंजिनात पाणी गोठलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिशिगन, ओहायो, इलिनॉय, ओंटारिओ अशा ठिकाणी राहून हौसेने क्लब रेसिंग किंवा ट्रॅक डे करणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे पान आहे. ऑक्टोबरच्या शेवटी जिंजरमन, वॉटरफोर्ड हिल्स किंवा मिड-ओहायो या ट्रॅकवर शेवटची फेरी मारायची, गाडी गॅरेजात ढकलायची आणि थेट मार्च-एप्रिलमध्ये कव्हर काढायचं, हा आपल्यातल्या बहुतेकांचा शिरस्ता. कव्हर काढल्यावर खाली डबकं दिसलं की फोन सुरू होतात. त्या फोनांवर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक मियाटाची (माझ्दाची छोटी दोन आसनी स्पोर्ट्स कार) आहेत, कारण आपल्याकडे तीच जास्त आहे. लोखंडी ब्लॉक (सिलिंडर असलेलं इंजिनाचं मुख्य धड) आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड (ब्लॉकवर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) असलेल्या कुठल्याही इंजिनाला यातलं जवळजवळ सगळं लागू पडतं.

रोजच्या गाडीत अँटीफ्रीझ असतंच. मग रेस कारमध्ये नुसतं पाणी का?

कारण अनेक ट्रॅकवर ग्लायकोल, म्हणजे अँटीफ्रीझमधलं मुख्य द्रव्य, चालत नाही. अपघातात रेडिएटर फुटून ग्लायकोल डांबरावर सांडलं तर ते लवकर वाळत नाही आणि मागच्या गाड्यांसाठी निसरडा थर तयार होतो. पाणी सांडलं तर ते वाळून जातं. म्हणून अनेक क्लब आणि ट्रॅक फक्त पाणी, फार तर त्यात गंज रोखणारं वॉटर वेटरसारखं द्रव्य, एवढीच परवानगी देतात. शिवाय उष्णता वाहून नेण्यात शुद्ध पाणी अर्ध्या-अर्ध्या मिश्रणापेक्षा सरस आहे, त्यामुळे जुलैच्या उन्हात ते फायद्याचंच ठरतं. वॉटर वेटरबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: त्याने गोठणबिंदू खाली येत नाही. 'बाटली ओतली होती की' असं म्हणणारे दरवर्षी भेटतात.

किती थंडीत नुकसान होतं? एखाद्या रात्रीने काही बिघडतं का?

शून्याच्या किंचित खाली एखादी रात्र गेली तर बंद गॅरेजातली गाडी बहुधा सुटते. इंजिनाचा ब्लॉक जड असतो, थंड व्हायला वेळ घेतो. रेडिएटरची गोष्ट वेगळी. त्याचं कामच उष्णता बाहेर फेकण्याचं, त्यामुळे त्याच्या पातळ नळ्या सगळ्यात आधी गोठतात. दोन-तीन दिवस सलग पारा उणे पाच-सातवर राहिला की ब्लॉकसुद्धा वाचत नाही. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं, आणि त्या बर्फाला जायला जागा नसेल तर ओतीव लोखंड त्याला अडवू शकत नाही. फ्रीजरमध्ये विसरलेल्या काचेच्या बाटलीचं जे होतं तेच ब्लॉकचं होतं.

बातम्यांमधल्या विंड चिलच्या आकड्याला मात्र घाबरू नका. वारा गाडीला लवकर थंड करतो, पण हवेच्या खऱ्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही.

मी नोव्हेंबरमध्ये पाणी काढलं होतं. तरी तडा गेला. कसं काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर असं की रेडिएटरखालचा नळ उघडला म्हणजे रेडिएटर रिकामा होतो, इंजिन नाही. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच उघडणारी पाण्याची झडप) बंद असतो, ब्लॉकच्या वॉटर जॅकेटचा, म्हणजे सिलिंडरभोवती पाणी खेळणाऱ्या पोकळीचा, तळ रेडिएटरकडे जाणाऱ्या होजच्या जोडापेक्षा खाली असतो, आणि हीटर कोर (गाडीच्या आतल्या हीटरचा छोटा रेडिएटर) शाबूत ठेवलेला असेल तर त्यातही पाणी अडकून राहतं. सहा लिटरच्या सिस्टिममधून चार लिटर बाहेर येतं आणि उरलेलं दोन लिटर जिथे सगळ्यात जास्त नुकसान करू शकेल तिथेच बसून राहतं.

ब्लॉकला स्वतःचा ड्रेन प्लग असतो. शेव्हरलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ला दोन असतात, दोन्ही बाजूंना एकेक, ऑइल पॅनच्या वर. त्याच इंजिनाच्या काही आवृत्त्यांत यातल्या एका जागी नॉक सेन्सर (इंजिनातली ठोठो ओळखणारा सेन्सर) बसवलेला असतो, त्यामुळे प्लग शोधणारा गोंधळतो. आणि प्लग काढला म्हणजे पाणी येईलच असंही नाही. जुन्या लोखंडी ब्लॉकमध्ये तळाशी गंजाचा आणि ओतकामाच्या वाळूचा गाळ साचलेला असतो. प्लग काढल्यावर थेंबही येत नाही, आणि माणूस 'आत पाणी नाहीच' असं समजून प्लग परत बसवतो. एक तार घेऊन छिद्रात आत ढोसा. आधी चहाच्या रंगाचा चिखल येतो, मग एकदम धार सुटते. ती धार पाहिल्याशिवाय ब्लॉक रिकामा झाला असं समजू नये.

आता शंका आली आहे. सगळ्यात आधी काय करू?

इंजिन चालू करू नका. 'जरा स्टार्टर मारून बघतो' हेही नको.

त्याची तीन कारणं आहेत. आत अजून बर्फ असेल तर वॉटर पंपाचा पंखा त्यात धरून बसलेला असतो. क्रँक फिरवला की बेल्ट घसरतो, जळतो किंवा पंपाचा दांडा तरी तुटतो. दुसरं, तडा सिलिंडरमध्ये उघडत असेल तर पिस्टनवर पाणी साचलेलं असतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे स्टार्टरच्या जोरावरसुद्धा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. तिसरं, पाणी ऑइलमध्ये उतरलं असेल तर पहिल्या मिनिटातच पाणी-ऑइल घुसळून झालेलं पांढरट लोणी बेअरिंगांपर्यंत पोचतं. तोवर जे नुकसान फक्त ब्लॉकच्या भिंतीपुरतं होतं, ते सगळ्या इंजिनाचं होतं.

क्रम असा ठेवा. बॅटरी सोडवा. गाडी शून्याच्या वर तापमान असलेल्या जागी आणा आणि निदान एक पूर्ण दिवस, शक्यतो दोन, तशीच राहू द्या. खाली स्वच्छ ट्रे किंवा पुठ्ठे पसरा. बर्फ वितळताना पाणी नेमकं कुठून गळतं हे पुठ्ठ्यावरच्या डागांवरून कळतं, आणि एवढी सोपी तपासणी पुन्हा मिळत नाही. गोठलेला तडा बर्फानेच बुजलेला असतो, म्हणून थंड गाडी कोरडी दिसली तरी खूश होऊ नका.

हीट गन किंवा ब्लो टॉर्चने लवकर वितळवलं तर?

नको. एका बाजूला बर्फ आणि दुसऱ्या बाजूला तापलेलं धातू, अशाने नसलेला तडा जाऊ शकतो. शिवाय बंद गॅरेजात पेट्रोलच्या गाडीशेजारी ज्योत कशाला पेटवायची?

गाडी वितळली, बाहेरून काही दिसत नाही. वाचलो म्हणायचं का?

अजून नाही. ऑइल पॅनचा प्लग हळूहळू सैल करा, पूर्ण काढू नका. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे चार-पाच महिने उभ्या असलेल्या गाडीत ते तळाशी बसलेलं असतं. प्लगच्या आट्यांतून पहिल्यांदा पारदर्शक थेंब आले आणि मागून काळं ऑइल आलं, तर पाणी आत गेलं आहे. डिपस्टिकवर काहीच दिसत नसतानाही असं होतं, कारण डिपस्टिक वरच्या थरात बुडते.

त्यानंतर सगळे स्पार्क प्लग काढा आणि बोअरस्कोप (बारीक नळीवरचा कॅमेरा) आत घालून पाहा. पिस्टनच्या माथ्यावर पाणी किंवा सिलिंडरच्या भिंतीवर गंजाची ताजी रेघ दिसते का? काही नसेल तर प्लग बाहेर ठेवूनच हाताने, पाना लावून क्रँक दोन फेरे फिरवा.

मग प्रेशर टेस्ट. रेडिएटरच्या टोपीवर जो आकडा असेल तेवढाच दाब द्या, साधारण १ बार म्हणजे १५ पीएसआयच्या आसपास. पंप बाजूला ठेवून अर्धा तास काटा पाहत बसा. पाच मिनिटांत 'ठीक आहे' म्हणणाऱ्यांना केसाएवढी भेग सापडत नाही. काटा उतरला आणि बाहेर थेंब नाही, तर पाणी आत कुठेतरी जातंय. या पायरीवर लीकडाउन टेस्टही करून घ्या: सिलिंडरमध्ये हवा सोडली आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले, की उत्तर मिळालं.

थंड इंजिन पास झालं तरच ताजं ऑइल घालून इंजिन चालू करा, पूर्ण गरम होऊ द्या आणि गरम असताना पुन्हा दाब तपासा. काही भेगा धातू तापून पसरल्यावरच उघडतात. पहिल्या ट्रॅक डेआधी ऑइल परत एकदा बदला.

कोअर प्लग बाहेर आलाय. म्हणजे ब्लॉक वाचला ना?

अमेरिकेत याला सर्रास 'फ्रीज प्लग' म्हणतात आणि त्या नावामुळे गैरसमज होतो. ही छिद्रं ब्लॉक ओतताना आतली वाळू काढण्यासाठी असतात आणि नंतर पत्र्याच्या वाट्यांनी बुजवलेली असतात. सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणून त्यांची रचना केलेली नाही. कधी प्लग उडून ब्लॉक वाचतो, कधी प्लग जागेवर राहून भिंत फाटते, आणि कधी दोन्ही होतं. प्लग बाहेर सरकलेला दिसला तर तो चांगल्या नशिबाचा पुरावा मानू नका. आत बर्फ झाला होता एवढाच त्याचा अर्थ. एक प्लग सरकला असेल तर सगळे बदला. पितळी घेतले तर पुढे गंजाची कटकट राहत नाही.

तडा नेमका कुठे शोधायचा?

लोखंडी ब्लॉकवर बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूला, वॉटर जॅकेटच्या भिंतीवर आडवी लांब रेघ असते. रंगाखाली ती दिसत नाही, पण तिच्या कडेने रंगाचे पोपडे निघालेले असतात. व्ही-८ असेल तर इनटेक मॅनिफोल्ड काढून लिफ्टर व्हॅली (सिलिंडरच्या दोन रांगांमधली खाच) नक्की पाहा. तिथला तडा बाहेरून कधीच दिसत नाही आणि पाणी सरळ ऑइलमध्ये जातं. हेडमध्ये दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधली पट्टी, स्पार्क प्लगभोवतालचा भाग आणि एक्झॉस्ट पोर्ट हे संशयित. थर्मोस्टॅट हाउसिंग, वॉटर पंपाची बॉडी आणि पाण्याने थंड होणारा ऑइल कूलर यांकडे लोक बघतच नाहीत. ऑइल कूलर आतून फुटला तर लक्षणं सगळी तडकलेल्या ब्लॉकची दिसतात, आणि माणूस उगाच इंजिन उतरवतो. म्हणून इंजिन उतरवण्याआधी कूलर बायपास करून पुन्हा प्रेशर टेस्ट करा.

ब्लॉक तडकलाच आहे. दुरुस्त होतो का, की भंगारात?

तडा कुठे आहे त्यावर सगळं अवलंबून. बाहेरच्या जॅकेटची भिंत फक्त पाणी धरून ठेवते, इंजिनाचा भार तिच्यावर नसतो. तिथला तडा दुरुस्त होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. माझं मत कोल्ड स्टिचिंगला आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना छिद्र पाडून ती पुढे सरकणं थांबवतात, मग भेगेच्या लांबीभर एकमेकींत अर्ध्या घुसलेल्या आटेदार पिना बसवून वरून घासून सपाट करतात. यात ब्लॉक तापवावा लागत नाही. ओतीव लोखंडाचं वेल्डिंगही होतं, निकेलच्या रॉडने, पण आधी ब्लॉक नीट तापवून आणि नंतर अगदी सावकाश थंड करून. हे करणारा कसलेला माणूस नसेल तर वेल्डशेजारीच नवा तडा जातो.

इपॉक्सीबद्दल नाक मुरडणारे बरेच आहेत. छोटा, बाहेरचा, पोचता येईल असा तडा, धातू पार उघडा करून आणि डिग्रीज करून भरला तर तो कामचलाऊ टिकतो. रस्त्यावरच्या जुन्या ट्रकवर मी चालवून घेईन. रेस कारवर नाही, कारण फुटला तर पाणी मागच्याच्या टायरखाली जातं.

तडा सिलिंडरच्या भिंतीत असेल तर तिथे स्लीव्ह (आतून बसवायची नवी नळी) बसवता येते. मेन बेअरिंगच्या पुलात (क्रँक धरणाऱ्या भागात) किंवा हेड बोल्टच्या छिद्रातून डेकभर (हेड बसतं त्या सपाट पृष्ठभागावर) गेला असेल तर ब्लॉक सोडून द्या. मियाटाच्या बाबतीत हिशेब आणखी सोपा आहे: वापरलेलं चांगलं इंजिन मिळत असेल तर दुरुस्तीच्या मागे लागू नये. दुर्मीळ किंवा ज्या चेसिसचा मूळ क्रमांकाचाच ब्लॉक हवा अशा जुन्या गाडीसाठी स्टिचिंगचा खर्च सार्थकी लागतो.

अ‍ॅल्युमिनियमचं हेड आणि रेडिएटर?

हेड टिग वेल्डिंगने दुरुस्त होतं. वेल्डनंतर धातू मऊ पडतो आणि हेड वाकतं, म्हणून सपाट करून, व्हॉल्व्ह सीट तपासून, मशीन शॉपमध्ये दाबाखाली टेस्ट करूनच परत घ्या. भेग शोधायला लोखंडासाठी चुंबकीय भुकटी आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी रंग झिरपवायची डाय टेस्ट. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक धरत नाही.

रेडिएटर दुरुस्त करत बसू नका. गळत नसला तरी नळ्या फुगलेल्या असतील तर त्यांनी मधल्या फिन चेपलेल्या असतात आणि हवा जात नाही. दुरून तिरकं पाहिलं की फुगवटा दिसतो.

गळती बंद करणारं द्रव्य टाकून हंगाम काढला तर?

रेस कारमध्ये नाही. ते भेग बुजवतं तसं रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवतं.

विमा भरून देईल का?

आशा धरू नका. अमेरिकेत वैयक्तिक मोटार विम्याचा जो प्रमाणित मसुदा बहुतेक कंपन्या आधाराला घेतात, त्यात झीज, यांत्रिक बिघाड आणि गोठणं हे तिन्ही स्पष्ट शब्दांत वगळलेले आहेत. रेस कारसाठी वेगळी स्टोरेज पॉलिसी घेतली असेल तर तिच्यात 'गोठणं' हा शब्द कुठे आहे ते आजच शोधा.

मी तर हीटर असलेल्या स्टोरेजमध्ये ठेवतो.

वीज असेल तोवर. बर्फाच्या वादळात आधी तारा तुटतात आणि मग थंडी वाढते, क्रम नेहमी हाच. आमच्या एका मित्राच्या स्टोरेजवाल्याने 'हीटेड' म्हणून पैसे घेतले होते आणि हीटर होता फक्त ऑफिसात. तिथे एक साधा किमान-कमाल थर्मामीटर ठेवून बघा, आठवड्यात कळेल.

आम्ही टेक्सासला. इथे कुठली आलीय थंडी?

१६ फेब्रुवारी २०२१ला डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर उणे १९ सेल्सिअस नोंदलं गेलं, आणि राज्यभर लाखो घरांत वीज नव्हती. उबदार राज्यात नुकसान जास्त होतं कारण तयारी कुणीच केलेली नसते.

पुढच्या हिवाळ्यासाठी नेमकं किती आणि कसं मिसळायचं?

इथे जरा गणित करा, कारण चुका इथेच होतात. समजा सिस्टिम ६ लिटरची आहे, ४ लिटर निघालं आणि २ लिटर साधं पाणी आत राहिलं. तुम्ही दुकानातून तयार ५०/५० कूलंट आणून ४ लिटर भरलंत. आता एकूण ६ लिटरमध्ये एथिलीन ग्लायकोल फक्त २ लिटर, म्हणजे ३३ टक्के. ते उणे १८ सेल्सिअसच्या आसपास गोठू लागतं. ३० जानेवारी २०१९च्या सकाळी शिकागोत पारा उणे ३०.६ होता.

त्याऐवजी कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, आणा: ३ लिटर कॉन्सन्ट्रेट आणि १ लिटर डिस्टिल्ड पाणी. मग खरोखर ५० टक्के होतं आणि उणे ३७पर्यंत निर्धास्त. 'जास्त ते चांगलं' म्हणून निव्वळ ग्लायकोल भरू नका. शुद्ध एथिलीन ग्लायकोल उणे १२-१३लाच गोठतं.

भरून झाल्यावर इंजिन चालू करा आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, म्हणजे खालचा होज हाताला गरम लागेपर्यंत चालवा. हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर ठेवा. हे केलं नाही तर कूलंट रेडिएटरमध्ये आणि पाणी ब्लॉकमध्ये, असे दोघे शेजारी शेजारी हिवाळा काढतात. शेवटी रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबातून प्रकाश किती वळतो यावरून गोठणबिंदू दाखवणारं उपकरण) एक थेंब ठेवून आकडा वाचा. स्वस्त, तरंगत्या मण्यांच्या परीक्षकावर विसंबू नका, आणि प्रॉपिलीन ग्लायकोल वापरत असाल तर रिफ्रॅक्टोमीटरवर त्याची पट्टी वेगळी असते ती पाहा.

मग सगळं काढून गाडी कोरडीच ठेवली तर?

ज्याला आपल्या इंजिनातला प्रत्येक प्लग माहीत आहे आणि जो दाबाच्या हवेने सगळं फुंकून काढतो, त्याने जरूर ठेवावी. बाकीच्यांनी ग्लायकोल भरावं. कोरड्या लोखंडी जॅकेटमध्ये दमट हवेने गंज चढतो, तो वेगळाच.

आरव्हीचं (घरासारख्या प्रवासी गाड्यांच्या नळांसाठीचं) गुलाबी अँटीफ्रीझ स्वस्त आहे. ते चालेल?

बाटलीवरचं '-५०' फॅरनहाइटमधलं आहे आणि ते तांब्याचा पाइप न फुटण्याबद्दल आहे, न गोठण्याबद्दल नाही. उणे १० सेल्सिअसच्या आसपासच त्याचा लगदा होऊ लागतो. ते पातळ न करता वापरायचं असतं. आत उरलेल्या पाण्यात मिसळलं की उरलासुरला भरवसाही जातो. इंजिनासाठीचंच घ्या.

गाडीत आणखी कुठे पाणी लपलेलं असतं?

कूल शर्टचा (चालकाला गार ठेवणाऱ्या, गार पाणी फिरवणाऱ्या शर्टाचा) डबा, त्याचा छोटा पंप आणि नळ्या. हमखास विसरतात, आणि मेमधल्या पहिल्या उकाड्यात पंप फक्त गुरगुरतो. टर्बो गाडीत पाण्याचा इंटरकूलर, त्याची वेगळी टाकी आणि पंप. वॉटर इंजेक्शन. काच धुण्याची बाटली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरच्या टाकीतून फिरत असेल तर तिथली फूट पाणी थेट गिअरबॉक्समध्ये सोडते.

शेवटच्या इव्हेंटहून ट्रेलरवर गाडी आणताना धोका आहे का?

आहे, आणि याचा विचार कुणी करत नाही. नोव्हेंबरच्या रात्री उघड्या ट्रेलरवर, ताशी १०० किलोमीटरने, इंजिन बंद, रेडिएटरमधून गार वारा आणि आत थांबलेलं पाणी. तीन-चार तासांत रेडिएटर गोठू शकतो. पॅडॉकमध्येच पाणी काढून निघा, आणि घरी पोचल्यावर त्याच रात्री ब्लॉकचा प्लग उघडा.

भारतात हा प्रश्न येतो का?

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की वर्तमानपत्रात फोटो येतो, एवढंच आपलं हिमयुग. पण पुण्याहून जानेवारीत स्पिती किंवा लेहला गाडी नेणाऱ्यांनी लक्ष द्यावं. गॅरेजवाल्याने वर्षभर नळाचं पाणी टॉप-अप केलेलं असतं आणि मिश्रणात कूलंट नावापुरतं उरलेलं असतं. निघण्याआधी सगळं बदलून घ्या.

वसंतात ग्लायकोल काढून परत पाणी भरताना काय काळजी घ्यायची?

एकदा पाणी काढून भरलं की झालं, असं नाही. भरा, गरम करा, काढा. निघणाऱ्या पाण्याला रंग आणि चिकटपणा उरत नाही तोवर हेच पुन्हा. ब्लॉकचा प्लग दरवेळी उघडा. टेक इन्स्पेक्शनला (ट्रॅकवर उतरण्याआधीच्या गाडीच्या तपासणीला) काही ठिकाणी ओव्हरफ्लोच्या डब्यात बोट बुडवून बघतात, म्हणून तो डबाही धुवा.

काढलेलं ग्लायकोल रस्त्याकडेच्या गटारात ओतू नका आणि उघड्या ट्रेमध्ये ठेवून चहाला जाऊ नका. एथिलीन ग्लायकोल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशाने मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. झाकणाच्या डब्यात भरून वर नाव लिहा आणि गावाच्या घातक कचरा केंद्रावर नेऊन द्या. स्वच्छ असेल तर डबा ठेवून पुढच्या नोव्हेंबरमध्ये रिफ्रॅक्टोमीटर लावून परत वापरलं तरी चालतं.